पाडव्याची पहिली नोंद

शेतीचा हिशेब वेगळ्या फायलीत ठेवायचा, ही अट थोरल्या भावाची होती. "तुझा पगार आमच्या कांद्यात मिसळू नगं," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. कर्जत तालुक्यातली जमीन दोघांची सामाईक, कसणारा तो. मी नगरला वर्तमानपत्रात उपसंपादक. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये मी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यात घरखर्चाच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम होता.

महिन्यातून एकदा भाऊ एसटीनं यायचा, खिशातली डायरी काढून वाचायचा आणि मी टाइप करायचो. 'घर' ही एक फाइल, 'शेती' दुसरी. प्रोग्रॅमला एक खोड होती. सुरू केला की शेवटची वापरलेली फाइल तो आपणहून उघडे. भाऊ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी बायको घरखर्च टाकायला बसे, आणि गॅस सिलिंडर, मुलीची फी, दळण, सगळं शेतीत जाई. वरचं नाव वाचत जा, असं कितीदा सांगितलं. "नाव वाचू की कुकर बघू?" हे तिचं उत्तर. मॉनिटरवर कागद चिकटवला, तोही उपयोगी पडला नाही. दर रविवारी चुकीच्या नोंदी शोधून इकडच्या तिकडं करणं हा माझा उद्योग झाला.

त्यात दिवाळीचा पाडवा. शेतीची पहिली फाइल पाडव्यालाच सुरू झाली होती, आणि भावाच्या मते दर पाडव्याला वही नवी पाहिजे. मी समजावलं, हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं एकाच फायलीत चालतो, तारीख दिली की हवं ते वर्ष काढून देतो.

"मग वही कशाला म्हनायचं त्याला?"

नवी फाइल काढली. कीबोर्डला हळदकुंकू लागलं, ते स्पेसबारच्या फटीत गेलं ते गेलंच. वर आणखी एक नियम. नवी वही खर्चानं उघडायची नाही, पहिली नोंद जमेचीच हवी. सणाच्या दिवशी पैसे कोण आणून देणार? भाऊ डायरी मागं चाळायचा. लिंबाच्या व्यापाऱ्यानं दिलेली शेवटची रक्कम त्यात असायची. "ही टाक. लक्ष्मी हाय." मी टाकत गेलो. तीन पाडव्यांत शेतीच्या तीन फायली झाल्या.

तिसऱ्या पाडव्यानंतरच्या उन्हाळ्यात लिंबाचा प्रश्न निघाला. कालव्याचं पाणी येणार म्हणत होते. भावाला लिंबं काढून ऊस लावायचा होता. ती साठ झाडं वहिनीनं लावलेली, पाणी आटलं त्या वर्षी बादलीनं घालून तिनंच जगवलेली. भाऊ म्हणाला, हिशेब काढ. लिंबू पदरचं खात असेल तर जाईल, चार पैसे देत असेल तर राहील. वहिनीला हे मान्य होतं. "भाऊजींच्या मशिनीला कुनाची भीड न्हाई," ती म्हणाली.

प्रोग्रॅम एका वेळी एकच फाइल उघडे. म्हणून तीन बेरजा वेगवेगळ्या काढून त्या हातानं एकत्र केल्या. लिंबू फायद्यात निघालं. कागद घेऊन कर्जतला गेलो. वहिनीनं चहात साखर सढळ हातानं घातली. भावानं कागद वाचला, आतून डायऱ्या आणल्या आणि बोट फिरवत बसला.

"हे पैसे दोनदा कसे?"

"कुठले?"

"पाडव्याचे. जुन्या वहीत बी हायेत आन् नव्या बी."

"तूच म्हणालास, टाक."

"देवाला दाखवायला म्हनलं, लेका. बेरजेत धर म्हनलं हुतं का?"

पहिल्या पाडव्याला मागची फाइलच नव्हती, त्यामुळे ती नोंद एकदाच होती. पुढच्या दोन पाडव्यांच्या रकमा मात्र दोन-दोनदा धरल्या गेल्या होत्या. बायकोच्या हातून शेतीत गेलेलं प्रत्येक दळण मी शोधून काढलं होतं. या नोंदी माझ्या हातच्या होत्या, म्हणून तपासल्या नव्हत्या. दुसऱ्यांचा मजकूर तपासण्याचाच मी पगार घेत होतो.

दोन्ही रकमा वजा केल्या. लिंबू तोट्यात गेलं. तोटा फार नव्हता, पण अट ठरलेली होती.

वहिनी दारात उभी होती. "माझी मजुरी धरलीय का ह्याच्यात?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. धरली असती तर तुमच्या उसाला बी परवडली नसती."

भावानं डायऱ्या मिटल्या. तिनं कपबशा उचलल्या आणि ती आत गेली.

मृगाच्या आत झाडं निघाली. पुढं मी तिन्ही फायलींतल्या नोंदी एकाच फायलीत पुन्हा टाइप केल्या. त्याला चार रविवार लागले. बेरीज बरोबर आली, लिंबाचा तोटा तोच. ती घेऊन वहिनीसमोर जायचं काही कारण नव्हतं, आणि मी गेलो नाही.