प्लास्टरमधला सराव

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "तुम्ही लष्करात आहात का?"

मी हसले. ते हसले नाहीत. उजव्या पावलात, दुसऱ्या बोटामागच्या हाडाला केसाएवढी चीर होती. "मार्च फ्रॅक्चर. कवायत करून करून नव्या जवानांना होतं." म्हणजे पडायला, आपटायला नको, एकाच जागी रोज ताण पडून हाड हार खातं. नगरला लष्कराची छावणी आहे, तिथल्या डॉक्टरांना असे जवान नवे नव्हते. नाचणारी मुलगी नवी होती.

मी मुंबईत बॅले शिकून नुकतीच एका नृत्यसंस्थेत पगारावर लागले होते. सुट्टीत श्रीगोंद्याला घरी आले तरी कडक बुटांत बोटांवर उभं राहायचा सराव सोडला नाही, तोही ओसरीतल्या शहाबादी फरशीवर. पाऊल ठणकायचं, मी पट्टी बांधून नाचायचे. दुखणं अंगावर काढलं की आम्हा नाचणाऱ्यांना उगाच मोठं वाटतं. तुम्ही तसलं काही करू नका.

गुडघ्याखाली प्लास्टर झालं. दिवाळीनंतर संस्थेचा दौरा होता आणि त्यात पहिल्यांदाच मला मुख्य भूमिका होती. डॉक्टर म्हणाले, "बोटं मधूनमधून हलवत जा." रक्त फिरतं राहावं, एवढाच त्यांचा हेतू. मी सकाळ-संध्याकाळ दोनशे आकडे मोजत प्लास्टरच्या आत पाऊल ताणून ताणून अख्खा सराव केला. वडिलांनी हटकलं, की डॉक्टरांचं नाव सांगायचे.

दीड महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढला. हाड जुळलं नव्हतं.

"आणखी महिनाभर बघू," डॉक्टर म्हणाले. "नाही तर बोन ग्राफ्ट, म्हणजे कमरेचं थोडं हाड काढून तिथं बसवायचं. त्यानंतर नाचाचं मी काही सांगू शकत नाही." त्यांनी मला दाखलच करून घेतलं.

शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडच्या हिराबाई होत्या. विहिरीच्या कामावर पडून त्यांची मांडी मोडली होती. दोन दिवस त्या माझ्याकडे नुसत्या बघत होत्या.

"ताई, त्या पायात काय चाललंय तुमचं?"

"व्यायाम," मी म्हणाले.

"हाडाला निवांतपना लागतो. मला जल्मात पयल्यांदा निजून ऱ्हायला मिळालंय. मी न्हाई हालत."

हाड का जुळलं नाही, ते मला तेव्हा कळलं. सकाळी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते इतके चिडले, की नर्सबाई मागे सरकल्या. "बोटं हलवा म्हटलं होतं मी. नाचा म्हटलं नव्हतं."

तो महिना मी कसा काढला, माझं मला ठाऊक. मनात ताल सुरू झाला की पाऊल आपोआप ताणलं जायचं. हिराबाई नुसतं "ताई" म्हणायच्या आणि मी पाऊल सैल सोडायचे.

तिसरा एक्स-रे डॉक्टरांनी फार वेळ बघितला. "जुळतंय," ते म्हणाले. "पण त्या बुटांत बोटांवर पुन्हा उभं राहायचं नाही."

दौरा माझ्याविना गेला. माझी भूमिका दुसरीनं केली. मी खूप रडले, आणि तिचा रागही केला.

वर्षभरानं मी अनवाणी पायांच्या, आधुनिक नृत्याकडे वळले. पहिल्या तालमीत नव्या बाईंनी आम्हाला दोन मिनिटं फक्त स्थिर उभं राहायला सांगितलं. सगळ्या चुळबुळल्या. मी हलले नाही.

"हे कुठं शिकलीस?" बाईंनी विचारलं.

"नगरच्या इस्पितळात," मी म्हणाले, "हिराबाईंच्या शेजारी."