सातची शाळा

फेब्रुवारी संपत आला की शिपाई फळ्यावर सूचना लिहायचा : सोमवारपासून शाळा सकाळी सातला. बाकीचे शिक्षक खूश व्हायचे. ऊन तापायच्या आत घरी, दुपार मोकळी. मी मात्र त्याच दिवसापासून परीक्षा कधी संपते ते मोजायला लागायचो.

मला रात्री झोप येत नाही. कसली काळजी नसते, काही दुखत नसतं, तरी येत नाही. दहा वाजून गेले की माझं डोकं स्वच्छ होतं, हातपाय हलके होतात. पहाटे, लोकांची उठायची वेळ झाली की, झोप अशी येते की कुणी उचलून नेलं तरी कळू नये. लहानपणापासून हे असंच आहे. वडील एसटीत ड्रायव्हर होते, बहुतेक वेळा पहिली गाडी त्यांच्याकडे असायची. अंधारात अंघोळ करून ते निघायचे आणि निघताना माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचे. बारावीच्या वर्षी मात्र तेच डेपोत कौतुकानं सांगायचे, "पोरगं रात्र-रात्र अभ्यास करून राह्यलं." परीक्षा झाल्यावरही माझ्या खोलीतला दिवा तसाच जळत राहिला, तेव्हा मी पुन्हा आळशी झालो.

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका गावात विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. घर जालन्यात. वर्षातले बरेच महिने शाळा साडेदहाची असायची आणि तेव्हा मी चांगला शिक्षक होतो. मधल्या सुट्टीत पोरं खेळायचं सोडून प्रयोगाच्या खोलीत येऊन बसायची. पण सकाळची शाळा लागली की जालन्याहून पाचच्या आत निघावं लागायचं. म्हणजे नेमकं मला झोप लागायच्या वेळेला उठायचं.

बायको गजर लावायची, हलवायची, शेवटी तोंडावर पाणी मारायची. मी उठून बसायचो आणि बसल्या बसल्याच परत झोपायचो. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "जायचंच न्हाई असं सरळ सांगा ना. रोज मीच कशाला वाईट व्हायचं?" उपाय सगळे करून झाले होते. जायफळ घातलेलं दूध, डोक्याला तेल, चहा बंद, संध्याकाळी धावणं. नऊला अंथरुणावर पडायचो आणि पंख्याकडे बघत राहायचो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी रात्री झोप लागायची, पण ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवरून उतरायची नाही.

शेवटी एका वर्षी त्या दोन महिन्यांसाठी तीर्थपुरीतच खोली घेतली. तेवढीच जास्तीची झोप मिळेल असं वाटलं. घरमालक म्हणजे कापडाचं दुकान असलेले एक म्हातारे मारवाडी शेठजी. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण, अंधार पडला की झोप आणि चारला उठणं. मी पहिल्याच दिवशी त्यांना विनंती केली, मला तेवढं उठवत जा. त्यांनी ते काम मनावर घेतलं. सहाच्या सुमाराला दारावर थाप मारायचे आणि मी आतून हो म्हणालो तरी हलायचे नाहीत.

"मास्तर, हो-हो नको. कडी काढा जल्दी."

मी कडी काढून दारात उभा राहिलो की मगच ते मंदिरात जायचे.

असा मी वेळेवर शाळेत पोचू लागलो. पण पोचायचं ते नुसतं शरीर. तोंड बोलत असायचं, हात फळ्यावर लिहीत असायचा आणि मध्येच सगळं बंद पडायचं. माणसाला उभ्या उभ्या झोप लागू शकते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

एके दिवशी नववीच्या वर्गात पोरांना उत्तरं लिहायला सांगून मी खुर्चीत बसलो. पुढचं मला आठवत नाही. कुणाचे तरी वडील डबा द्यायला आले होते, त्यांनी खिडकीतून फोटो काढला. मान छातीवर पडलेली, तोंड उघडं. फोटोत मागे पोरं दिसतात आणि ती हसत नाहीयेत. गप्प बसून लिहितायत. मला झोपू देत होती ती, आणि अजूनही तेच माझ्या मनाला जास्त लागतं. मधल्या सुट्टीपर्यंत फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "रात्रीची उतरली न्हाई वाटतं गुरुजींची."

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. संस्थेचे दोन सदस्य आधीच येऊन बसले होते. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, तेही घाबरलेलेच होते.

"सर, जरा जवळ या."

मी गेलो.

"तोंड उघडा."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं गरम झाली. चार वर्षांच्या पोरीचा बाप असलेला मी त्यांच्यासमोर वाकलो, तोंड उघडलं आणि त्यांनी वास घेतला.

"न्हाई," ते सदस्यांना म्हणाले. "वास न्हाई."

"मंग गोळ्या घेत असतील," त्यातला एक म्हणाला.

शेठजींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते दुकानात येईल त्याला सांगू लागले, "माझ्या घरात राहतो माणूस. बिलकुल पीत न्हाई. मी बराबर पाहतो ना रोज." लोक त्यांच्या वयाकडे बघून मान डोलवायचे आणि पायऱ्या उतरल्यावर हसायचे.

त्या रविवारी मला घरी जायचं धाडस झालं नाही, म्हणून वडीलच तीर्थपुरीला आले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी असा एकट्याने प्रवास केला नव्हता. खोलीत आले, कोपऱ्यातली पिशवी उघडून पाहिली, कॉटखाली वाकून पाहिलं आणि मग बसले.

"खरं सांग. पिऊन राह्यला का?"

"न्हाई, बाबा."

"दुसरं काही? गांजा-बिंजा?"

"काहीच न्हाई. मला सकाळी जागच येत न्हाई. तुम्हाला माहीतच आहे की."

त्यांनी उघडलेली पिशवी परत बंद केली. मग म्हणाले, "पीत असता तर बरं झालं असतं. दारू सोडवता येते. आमच्या डेपोत दोघांची सुटली. ह्याला काय करावं माणसानं?"

मी चहा ठेवला होता. तो न घेताच ते परतीच्या गाडीला निघून गेले.

त्यानंतर माझ्या मनात रोज एकच गोष्ट यायला लागली. पाय मोडावा. जीव जावा, एवढं नको होतं मला. नुसता पाय मोडावा, प्लास्टर व्हावं आणि कुणी मला सकाळी उठवू नये. मोटरसायकलवरून शाळेकडे जाताना मी हे चित्र अगदी आवडीने रंगवायचो. कोणता पाय, किती दिवस, सगळं.

आणि एका सकाळी गाडी खरोखरच रस्ता सोडून उसात शिरली. डोळे उघडले तेव्हा मी सरीत पडलो होतो, हँडल वाकडं झालं होतं आणि चाक अजून फिरत होतं. मी एक पाय हलवून पाहिला, मग दुसरा. दोन्ही धड होते. तेव्हा मला जे रडू फुटलं ते आवरेना. मी बायकोला फोन लावला.

"कुठं आहात?"

"उसात."

"अगं बाई! लागलं का?"

"न्हाई लागलं. काहीच न्हाई लागलं गं."

मी कशासाठी रडतोय ते तिला त्या एका वाक्यातून कळलं असावं. मग म्हणाली, "शाळेत जाऊ नका. तिथंच थांबा. मी आलेच."

पोरीला कडेवर घेऊन, दोन जीप बदलून ती आली तेव्हा मी बांधावर गाढ झोपलो होतो. तिनं मला उठवलं नाही. ऊन चढलं तसा माझ्या तोंडावर पदर धरून बसून राहिली. जाग आली तेव्हा पोरगी ढेकळं रचत खेळत होती. बायको म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता." आणि थोड्या वेळानं, "सोडा ती नोकरी."

शाळा सोडली. मिळालेली मास्तरकी कुणी सोडतं का, असं सगळे म्हणाले. शेठजींनी खोलीची किल्ली परत घेताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच बराच वेळ सोडला नाही.

आता मी जालन्यातल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. भट्टीतून आलेले नमुने तपासायचे. पाळी रात्रीची, जी इतर कुणालाच नको असते. दिवसा झोप पुरी झालेली असते, त्यामुळे तिथं मला आजवर एकदाही डुलकी लागलेली नाही. पण सकाळी कारखान्याच्या भोंग्यानंतर घरी येताना दप्तरं घेतलेली पोरं दिसली की मी रस्ता बदलतो. दिवसा मी झोपलेला असतो म्हणून पोरगी घरात चवड्यांवर चालायला शिकली आहे, कुकरची शिट्टी वाजली की तीच आईला दटावते. शेजारी अजूनही बायकोला विचारतात, "आजारी असतात का हो हे?"

गेल्या महिन्यात नवे मॅनेजर आले. पुढच्या महिन्यापासून पाळ्या फिरत्या होणार आहेत. प्रत्येकाला सकाळची सातची पाळी आळीपाळीनं करावी लागेल. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विनंती केली, मला कायम रात्रपाळीच द्या. ते हसले. "लोक रात्रपाळी चुकवायला येतात माझ्याकडे," म्हणाले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बघू."

बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही. खोलीच्या खिडकीला तिनं जाड पडदा शिवला आहे. स्वयंपाकघराकडून अजून उजेड येतो म्हणून आता ती दुसऱ्या पडद्याचं कापड आणणार आहे.