मोज्यांच्या पट्ट्यांनी बांधलेलं झाड

जर्मनीतल्या केमनित्समध्ये थोम म्हातारीचा सगळ्यात जास्त राग कशावर असेल, तर तो भिंतीतल्या रेडिएटरवर. "ना धूर, ना जाळ, ना राख, आणि म्हणे शेगडी! भुताटकी नुसती," ती म्हणायची. सून लुआ तो चालू करून कामाला गेली की म्हातारी उठून आधी तो बंद करायची. मग दोन स्वेटर, वरून मुलाचं जाकीट आणि डोक्याला टॉवेल, अशा थाटात खिडकीशी बसायची. कुडकुडेल पण त्या उबेला शिवणार नाही. हट्टी होती हो. आणि हट्टावरच तर ती जगली होती.

नाहीतर मायदेशी, फान थिएतजवळच्या त्या कोरड्या, लाल मातीत बाग उभी राहिली असती का? नवरा-बायकोने मिळून खांब पुरले आणि प्रत्येक खांबाशी ड्रॅगन फ्रूटचे कांब लावले. कांब वर चढला की शेंड्यावरून चारी बाजूंनी खाली सोडायचा. हिवाळ्यात दिवस लहान झाला की खांबाखांबांमधून दिवे टांगायचे. रात्रभर उजेड दिला की झाडाला वाटतं उन्हाळाच आहे, आणि ते अवेळी फुलतं. सगळा गावच ही फसवाफसवी करायचा आणि तिच्यावर पोट भरायचा. नवरा बागेतच गेला, त्याला बागेतच पुरला. शेजारची जागा त्याने जिवंतपणीच बायकोसाठी मोकळी ठेवली होती. "तिथे खांब लावायचा नाही, ती थोमची जागा," असं त्याने गड्यांना बजावलं होतं. म्हातारी ही गोष्ट ज्याला त्याला सांगायची. कुणी दागिना दाखवावा ना, तशी.

बापाच्या मातीला आलेला मुलगा तोआन परत जर्मनीला जाताना एक कांब घेऊन गेला. पँटच्या पायात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी. जवानीत तो इकडे मोज्यांच्या गिरणीत कामाला आला होता. गिरणी बंद पडली, तरी तो इथेच चिकटून राहिला. आता नवरा-बायको कपडे दुरुस्तीचं दुकान चालवत. आई एकटी पडली, तसा तो कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागला आणि शेवटी तिला घेऊन आला. "हिवाळा काढून बघ, आई. नाही आवडलं तर बघू." हे 'बघू' म्हणजे काय ते म्हातारीला कळायला दोन हिवाळे गेले.

इथे येऊन पहिल्याच दिवशी तिने ते झाड पाहिलं. चाकांच्या पाटावर मोठी कुंडी. कुंडीत मनगटापेक्षा जाड लाकडी खांब. खांबाच्या डोक्यावर सायकलच्या चाकाची रिंग आडवी ठोकलेली, कांबांनी तिच्यावरून खाली लोंबावं म्हणून. आणि कांब खांबाला बांधलेले होते ते जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी. गिरणीतले नगाला नग न जुळलेले मोजे तोआनने पोतंभर साठवले होते. "सुतळी कापते, तार कापते. मोजा ताणतो पण कापत नाही," तो मोठ्या ऐटीत म्हणाला. म्हातारीने बोटाने एक पट्टी ओढून पाहिली. त्याच्या बापाला हे सुचलं नव्हतं. तिला पोराचं कौतुक वाटलं, पण तोंडाने म्हणाली, "निळे, पिवळे, लाल! झाड आहे का नाचणारी बाई?"

उन्हाळाभर झाड बागांच्या वसाहतीत भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर, काचेच्या खोपटात असायचं. पहिलं दव गोठायच्या आत त्याला घरी आणून मागच्या गार खोलीत ठेवायचं. बाहेर एक रात्र राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल.

त्या पहिल्या हिवाळ्यात तोआनने गावच्यासारखे दिवे टांगले आणि पाणीही घालायला लागला. झाडाला सुतळीएवढ्या जाडीच्या, पिवळट कोंबांच्या शेवया फुटल्या. म्हातारी कडाडली.

"अरे शहाण्या, जेवायला ताट नाही आणि पाहुण्याला हाका मारत सुटलायस! ऊन आहे का इथे?"

"आई, आपल्याकडे दिवे लावतात की."

"आपल्याकडे आपल्याकडे आहे. इथे त्याला झोपवायचं. उपाशी, तहानलेलं. सुरकुतलं तरी घालायचं नाही पाणी. गारठ्यात ओली माती म्हणजे विष."

हे तिला कोण शिकवणार? तिने मातीत बोट घातलं होतं, बस. दिवे काढले, शेवया छाटल्या, वसंतापर्यंत थेंब दिला नाही. उन्हाळ्यात झाडाने असा जोर धरला की रिंग वाकली. बागेतली शेजारीण, विधवा गुडरुन, मेलेल्या नवऱ्याच्या सायकलचं दुसरं चाक घेऊन आली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. तरी दोघी तासन् तास बोलत. लुआ असली की मधे दुभाषी.

एका दुपारी गुडरुन रडत आली. "तिची मुदत संपली," लुआने सांगितलं.

"कसली मुदत?"

"नवऱ्याच्या थडग्याची. वीस वर्षांची जागा असते, आई. पुढे पैसे भरले नाहीत तर दगड काढून सपाट करतात, आणि दुसऱ्याला देतात."

म्हातारीच्या हातातली कात्री खाली पडली. "मेल्यावर भाडं? आणि मग आतला माणूस जातो कुठे?"

लुआला ह्याचं उत्तर गुडरुनला विचारवेना. त्या दिवसापासून म्हातारीने घरी जायचा धोशा लावला. जेवताना तेच, देवघरात नवऱ्याच्या फोटोला उदबत्ती लावताना तेच. "मला तिच्या नवऱ्यासारखं उपटून टाकतील. माझी जागा तिकडे आहे. मला नेऊन सोड."

तोआन टाळत राहिला. उन्हाळा सरता सरता, एका रविवारी जेवता जेवता तो वैतागून म्हणाला, "आई, झाड बघ. तेही तिकडचंच ना? रुजलं की इथे. पुढच्या साली फुलेल, तू रोज बघशील, मग तुलाही करमेल."

म्हातारीने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "फुलेल?"

"फुलेल."

"फुललं तर मी इथे मरेन. अवाक्षर काढणार नाही. पण झाड गेलं तर?"

"गेलं तर स्वतः घेऊन जातो तुला. बाबांच्या शेजारी. झालं समाधान?"

"फोटोसमोर म्हण."

तो फोटोसमोर म्हणाला. लुआने मान खाली घातली आणि वाडग्यातला भात चिवडत बसली. म्हातारीला वाटलं, सुनेला वाईट वाटतंय. बिचारी, जीव लावला होता तिनेही.

मग थंडी पडली. झाड मागच्या खोलीत आलं आणि झोपलं. आणि म्हातारी जागी राहिली.

तिने आयुष्यात झाड मारलं नव्हतं. रोग लागलेला कांबसुद्धा ती कापताना पुटपुटायची. पण डोळे मिटले की तिला सपाट केलेली जमीन दिसायची, आणि तिच्यावरून चालणारे परके बूट. एका सकाळी दोघं दुकानात गेल्यावर ती उठली. फोटोकडे गेली आणि तो भिंतीकडे वळवून ठेवला. "तू बघू नकोस," ती म्हणाली. "तुझ्याचकडे यायचंय म्हणून करते आहे." मग नळाचं बर्फगार पाणी भरून घेतलं आणि कुंडीत ओतलं. माती घटाघटा प्यायली. तिला तो आवाज ऐकवेना.

मग ते नेमाचं झालं. आधी फोटो वळवायचा, मग पाणी. ताटलीत जमलेलं पाणी पुसायचं, फोटो सरळ करायचा. रात्री तोआन खोलीत डोकावायचा आणि म्हणायचा, "टवटवीत दिसतंय की! तू आहेस म्हणून, आई. मला नसतं जमलं." असं म्हटलं की तिला घास गिळवत नसे. लुआ विचारायची, "आई, दात दुखतोय का?" "हो," ती म्हणायची.

तेत, तिकडचं नवं वर्ष, आलं आणि गेलं. झाड रंगीत पट्ट्यांमध्ये ताठ उभं. म्हातारीलाच शंका यायला लागली, की हे मेलं मरतं का नाही! तिने बुंधा दाबून पाहिला नाही. धीर झाला नाही.

मार्चमध्ये ऊन पडलं. तोआनने रविवारी झाड धुवायला काढलं आणि नव्याने बांधायला म्हणून खालची पट्टी सोडली. बुंधा त्याच्या हातात आला. नुसती पिवळी लापशी. आतला लाकडी दोरा तेवढा शिल्लक. त्याने घाबरून दुसरी पट्टी सोडली, तिसरी सोडली, तसं ते सगळं ओझं खांबावरून घसरून जमिनीवर पडलं. घरभर कुजका वास सुटला. कधीचं गेलं होतं ते. पट्ट्या होत्या म्हणून उभं होतं.

तोआन तसाच बसून राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, ती लापशी ओंजळीत धरून.

म्हातारी आत गेली आणि बॅग घेऊन आली. भरून तयारच होती. "फोटोसमोर बोललास," ती म्हणाली. "चल."

"आई, आज नको हा विषय."

"आजच. तिकीट काढ."

"अहो, सांगून टाका आता," लुआ एकदम ओरडली. "किती दिवस मूग गिळून बसणार? मला नाही होत आता हे!"

"काय सांगायचंय?" म्हातारीने विचारलं.

तोआन तिच्याकडे न बघता बोलला. "बाग नाहीये, आई. तुला आणलं त्याच साली दिली. करणारं कोण होतं तिथे? आता तिथे वाऱ्याच्या चक्क्या आहेत. खांब फोडले, झाडं जाळली. बाबांना... बाबांना टेकडीपलीकडच्या सरकारी कबरस्तानात हलवलं. ओळीत. एकाला लागून एक. शेजारी जागा नाही."

म्हातारी बॅगेवर बसली. तिने जमिनीवर पडलेल्या झाडाकडे बोट दाखवलं. "म्हणजे त्याच्या हातचं हे एवढंच उरलं होतं?"

"हो," तोआन म्हणाला. "म्हणून तर मी... तू एवढी जपत होतीस गं आई, तरी कसं गेलं?"

"मी मारलं."

"काय?"

"मी. रोज पाणी घातलं. तुम्ही गेलात की. मला घरी जायचं होतं."

कुणीच कुणाला बोल लावला नाही. लावायचा तर कुणी कुणाला? लुआने तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रनचा कोपरा लावला आणि ती रडायला लागली.

म्हातारी उठली. स्वयंपाकघरातली सुरी देवघरातल्या दिव्यावर तापवून आणली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. "धर," ती पोराला म्हणाली. कूज बुंध्यापासून वर चढते. तिच्यावर एकच उपाय. स्वच्छ हिरवं लागेपर्यंत वर वर कापत जायचं, आणि हिरवा तुकडा मिळाला की सुकवून पुन्हा लावायचा. तोआनने कांब धरला, तिने कापला. मधोमध तपकिरी कडं. "वर," ती म्हणाली. पुन्हा कापला. कडं बारीक झालं होतं. "वर." वर्तमानपत्रावर तुकड्यांची रास पडत गेली. बाहेरून प्रत्येक तुकडा हिरवागार. एका कांबाचं संपलं की दुसरा. शेवटी रिंगेवरून लोंबायचा तो सगळ्यात लांबचा शेंडा उरला, तळहाताएवढा. तिने तो स्वतःच्या हातात घेतला, नवऱ्याच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि सुरी चालवली.

मधोमध मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता.

"आई, पुरे," तोआन म्हणाला.

तिने सुरी पुसली. मोज्यांच्या पट्ट्या एकेक करून गोळा केल्या, झटकल्या, मांडीवर घडी घातल्या. रिकाम्या खांबाकडे बघून म्हणाली, "खांब टाकू नको. चांगला आहे." मग ती रेडिएटरपाशी गेली, खुर्ची ओढून त्याला टेकून बसली, आणि सुनेला म्हणाली, "चालू कर गं. गार पडलेय मी."

लुआने डोळे पुसत चालू केला. तोआन आईच्या पायाशी येऊन बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून कुजका वास येत होता.

"मी गेले की मला कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

"इथेच, आई. आमच्याजवळ."

"किती वर्षं?"

तोआनला माहीत होतं. त्याने हात लांबवून रेडिएटर आणखी थोडा वाढवला.