टेपचं दुसरं टोक

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मूळची पुण्याची, गेली नऊ वर्षं कॉव्हेंट्रीत. ‘त्या घरात काहीतरी आहे’ असं कुणी म्हणालं, की ‘ओल आहे का?’ असं विचारणारी बाई... निम्मी भुतं तुंबलेल्या ड्रेनेजमधून येतात, हे माझं ठाम मत होतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. स्कॉटलंडच्या सीमेवर, मेंढ्यांच्या कुरणात एक मध्ययुगीन टॉवर हाऊस आहे – म्हणजे घरच, पण किल्ल्यासारखं बांधलेलं. चौकोनी, उंच, भिंती दोन मीटर जाड, छप्पर कधीच गेलेलं. गोल जिना भिंतीच्या पोटातून वर जातो. तळमजल्यावर दगडी कमानीचं कोठार, खिडकी एकही नाही. त्याच्या छतात चौकोनी भोक, धान्याची पोती वर ओढून घ्यायला. मालकाला ते लोकांसाठी उघडायचं होतं, म्हणून मी आणि माझा सहकारी ग्रॅहम मापं घ्यायला गेलो. ग्रॅहम साठीला टेकलेला, गुडघ्यांमुळे जिने टाळणारा.

मला तेव्हा दहावा आठवडा होता. आदल्या वर्षी एक मिसकॅरेज झालं होतं, त्यामुळे आईने फोनवर बजावलं होतं, “तीन महिने होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. दृष्ट लागते.” ऑफिसला कळवलं असतं तर त्यांनी मला साइटवर पाठवलंच नसतं. भुतं न मानणारी मी दृष्टीला मात्र घाबरून गप्प बसले... हसा खुशाल.

दुपारचे बारा वाजले असतील. लेझर मीटर ऐनवेळी बंद पडला, म्हणून जुनी पद्धत. मी वर भोकाशी, ग्रॅहम खाली कोठारात. मी टेप सोडायची, त्याने टोक जमिनीवर धरून दोन झटके द्यायचे. मी आकडा मोठ्याने वाचला की त्याने सोडायचं.

मी गुडघ्यांवर बसून टेप सोडली. दोन झटके आले. आकडा वाचला, वहीत लिहिला, टोक सुटलं. असं पाच वेळा, अगदी सुरळीत. सहाव्यांदा आकडा वाचला तरी टोक सुटेना. मी म्हटलं, “ग्रॅहम, लेट गो.”

तेवढ्यात बाहेरून त्याची हाक आली. खिडकीच्या फटीतून दिसला – लांब, व्हॅनपाशी. सॉरी, बायकोचा फोन होता, अर्धा तास गेला, आता येतो म्हणाला.

टेप अजून ताणलेलीच होती. मग ओढ आली. झटका नाही, ओढ... सावकाश, हातभर, आणखी हातभर. टेपच्या डबीचा पट्टा माझ्या मनगटात अडकवलेला होता. मी गुडघ्यांवरच भोकाच्या कडेपर्यंत सरकले. एक हात पोटावर दाबून धरला आणि दातांनी पट्टा सोडवला. टेप खाली गेली. पडल्याचा आवाज आलाच नाही.

भिंत धरून कशीबशी उतरले. ग्रॅहम टॉर्च घेऊन कोठारात जाऊन आला. टेप तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने नव्या लेझरने उंची मोजली, चार मीटर दहा. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, पाचही आकडे आठ मीटरच्या वर होते. कोठाराची जमीन अखंड खडकाची आहे.

मुलगी झाली, सुखरूप. आता अडीच वर्षांची आहे. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो ताण होता. असेलही.

फक्त लेकीची एक सवय आहे. ओढणीचं टोक, स्वेटरची बाही, माझं बोट... काहीही हातात आलं की दोनदा ओढते आणि थांबते. कुणी शिकवलेलं नाही. मी एखादा आकडा म्हटला की सोडते. आम्हा दोघींना त्याची सवय झाली होती.

परवा मी आकडा म्हटला, तरी तिने सोडलं नाही.