नाव बाईमाणसानं ठेवावं

आमच्या सावेडीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर भीमराज नाना राहतात. नौदलात सिग्नलमन होते. समुद्रापासून इतक्या लांब राहून वेडच जपायचं तर माणसानं क्रिकेटचं जपावं; नानांनी जपलं जहाजांच्या नावांचं. दर वर्षी नौदल दिन जवळ आला की ते दिल्लीला पत्र धाडतात, विषय एकच: लढाऊ जहाजांना नावं कशी द्यावीत. ते टाईप करून देण्याचं काम माझ्याकडे असतं. आजवर उत्तर एकदाच आलं, तेही पत्र पोचल्याचं. नानांनी ते लॅमिनेट करून घेतलंय.

मुद्दे मला आता पाठ झालेत. वादळात वायरलेस खरखरत असला तरी एका हाकेत कळेल असं नाव हवं. हयात पुढाऱ्याचं नाव देऊ नये. उद्या त्यानं पक्ष बदलला तर जहाज कुठं न्यायचं? जुनं जहाज मोडीत निघालं की त्याचं नाव नव्या जहाजाला द्यावं, म्हणजे नाव परत येतं. आणि जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरवताना त्याचं नाव पुकारण्याचा मान बाईमाणसाचा असतो, ती रीत मोडू नये. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, नाना, आपल्या सीना नदीच्या नावानं एक जहाज मागा की. ते गंभीरपणे म्हणाले, आधी तिच्यात पाणी आणा.

एवढं बोलणारा माणूस, पण स्वतःच्या जहाजाचं नाव कधी घेत नसे. ‘आमचं जहाज’ म्हणे, बस्स. मीही विचारलं नाही. गेल्या महिन्यात मात्र ते पेपरचं कात्रण घेऊन खाली आले आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. एका जुन्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला दिलं जाणार होतं: शरावती. मी वर पाहिलं तर नानांचे डोळे भरून आले होते.

मग त्यांनी सांगितलं, ते त्यांचंच जहाज. चौऱ्याऐंशी साली नाना कोचीला होते आणि जयमालाकाकू गावी, पारनेर तालुक्यात. मुलगी झाल्याची तार पोचली तेव्हा जहाज निघायच्या बेतात होतं. आनंदाच्या भरात नानांनी पोस्टकार्ड टाकलं: मुलीचे नाव शरावती ठेवणे. काकूंच्या मनात काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. घरच्यांनी कार्ड वाचलं आणि साहेबाचा हुकूम आल्यासारखं तेच नाव ठेवलं. पोर पाच वर्षांची असताना काविळीनं गेली. नाना तेव्हाही समुद्रात होते; घरी पोचले ते अठराव्या दिवशी. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मागून जन्मलेल्या सचिनला बहीण ठाऊक होती ती फक्त फोटोतली.

आता सचिन आणि दीपाला मुलगी झाली होती. रविवारी नामकरण होतं, आणि तिला शरावती म्हणावं एवढीच नानांची इच्छा होती. पण काकूंना विचारायचं धाडस होत नव्हतं. तुम्हीच विचारा, असं मला म्हणाले. मी साफ नकार दिला. एकदा पोस्टकार्डावर भागवलंत, आता निदान तोंडानं विचारा, असं जरा तोडूनच बोललो. बोलल्यावर मलाच वाईट वाटलं.

रविवारी बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, खिरीच्या वाट्या भरून तयार होत्या. नाना उठले. पांढऱ्या शर्टाच्या खिशात ते कात्रण होतं. पाहुण्यांकडं न बघता ते काकूंशी बोलले.

“जयमाला, आमच्या जहाजाचं नाव परत आलं. आपल्या पोरीचं बी यावं, असं लई वाटतंय. हिला द्यायचं का? तू म्हनशील तसं.”

काकू पाळण्यातलं दुपटं सारखं करत राहिल्या. नको तितका वेळ करत राहिल्या.

“जहाज लोखंडाचं असतंय,” त्या म्हणाल्या. “एक मोडलं, दुसरं बांधलं, नाव तेच ठेवलं तर चालतंय. शरावती एकच हुती.”

सचिन आईकडं बघतच राहिला. बहिणीचं नाव आईच्या तोंडून तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. नाना खुर्चीवर बसले.

“तुमीच म्हनता ना, नाव बाईमानसानं ठेवावं? मग जिनं जन्म दिला तिला इचारा. मला तवा कुनी इचारलं न्हाई.”

आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच ते आम्हा सगळ्यांना लागलं. दीपा गोंधळली, मग हळूच म्हणाली, संस्कृती. काकूंनी पाळण्यावर वाकून ते नाव घेतलं. पहिली टाळी नानांनी वाजवली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पाहुणे गेल्यावर मी खुर्च्या उचलायला थांबलो होतो. काकू पाळण्याची दोरी ओढत बाळाशी बोलत होत्या. तुला एक आत्या हुती, शरावती, लई बडबडी, गूळ चोरायची आन् फ्रॉकला हात पुसायची. पस्तीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, एका दमात संपणार नव्हतं. नाना दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं,

“तवा तुझ्या मनात कोनतं नाव हुतं गं?”

काकूंनी दोरी थांबवली. जरा आठवून बघितलं आणि हसल्या.

“आता न्हाई आठवत. पाच वरसं शरावती, शरावती म्हनून हाका मारल्या. माझंच झालं ते नाव.”

नाना आत आले, पाळण्याशेजारी बसले आणि दोरी त्यांनी आपल्या हातात घेतली.