यादीतली सगळ्यात स्वस्त बाटली

आमच्या हिला वास येत नाही, हे आम्हाला दुधामुळे कळलं. दूध उतू गेलं, आटलं, पातेल्याच्या बुडाशी काळं ठिक्कर पडलं. मी बाहेरच्या खोलीतून खोकत धावत आलो, तर ही शेगडीकडे पाठ करून एका रेस्टॉरंटची वाइनची यादी वाचत बसलेली. मी ओरडलो. हिने चष्मा वर केला आणि काय झालं म्हणून विचारलं. महिन्यापूर्वी ताप आला होता, तो जाताना हिचं नाक सोबत घेऊन गेला.

दुसऱ्या कुणी हे लपवलं असतं, कारण हिची सगळी पत त्या नाकावर आहे असं लोक समजत. सव्वीस वर्षं ही वाइनच्या गोदामात होती. कुठली पेटी कधी आली, किती दिवस उन्हात पडून होती, लेबलावर काय आणि कागदावर काय, हे तपासण्यात हिचा जन्म गेला. नोकरी संपल्यावर शहरातल्या रेस्टॉरंटवाल्यांच्या कमिटीने हिला परीक्षक केलं. पाच परीक्षक, वर्षातून एकदा जागोजागी जायचं, वाइनच्या यादीला दहापैकी गुण द्यायचे. जी यादी पहिली येईल त्या दारावर पितळी पाटी लागते, आणि पाटी लागली की टेबलं ओस पडत नाहीत. अकरा वर्षं ही त्या पाचांत होती. मी भूगोलाचा मास्तर. सोबतीला जातो आणि गप्प बसतो. आयुष्यात दुसरीकडे कुठे मी गप्प बसलेलो नाही.

यादी कशी वाचावी हे हिच्याकडून ऐकावं. महागड्या पानांकडे ही आधी बघतच नाही. पैसेवाल्यासाठी कुणीही चांगलं निवडतो, म्हणते. बघायची ती सगळ्यात स्वस्त बाटली, म्हणजे कमी पैसेवाल्याला मालक काय समजतो ते कळतं. मग तिच्या वरची. सगळ्यात स्वस्त मागायची लोकांना लाज वाटते, म्हणून ते दुसरी मागतात, आणि मालक नेमका तिथे न खपलेला माल सरकवतात. कुठल्या सालची ते लिहिलेलं नसलं की गुण कापायचा. एकेका पेल्याने विकतात ती बाटली कधी उघडली हे सांगता आलं नाही की आणखी एक कापायचा. ह्यात नाक कुठे लागतं, तुम्हीच सांगा.

दूध जळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हिने कमिटीच्या अध्यक्षांना फोन करून सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष म्हणजे जुने हॉटेलवाले, त्या पाचांतलेच एक, तोंडात खडीसाखर ठेवून बोलणारे. ते म्हणाले, बाई, आता विश्रांती घ्या, यंदा नुसत्या पाहुण्या म्हणून या, गुण आम्ही देऊ. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, खड्ड्यात गेली ती कमिटी, आपण जायचंच नाही. ही मात्र फोनवरच अडून बसली. वास घ्यायला बाकीचे चौघे आहेत, मी यादी वाचणार आणि गुणही देणार, म्हणाली. माझे गुण चुकीचे ठरले तर खुर्ची काढून घ्या, बरोबर ठरले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. अध्यक्ष बरं म्हणाले. हिची खुर्ची त्या एका दुपारवर येऊन ठेपली.

जागा होती चार वर्षं सलग पाटी मिळवणारी. उंच छत, लांबलचक खिडक्या, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, आणि कातडी बांधणीची यादी अशी जड की मांडीवर घेऊनच वाचावी. तीनशेच्या वर नावं. दरवर्षीप्रमाणे परीक्षकांसाठी एक उंची बाटली आधीच उघडून ठेवलेली. चौघांनी पेल्यांत नाकं घातली आणि डोळे मिटले. हिने आपला पेला माझ्याकडे सरकवला, वेटरला बोलावलं आणि यादीतली सगळ्यात स्वस्त बाटली मागितली.

ती संपली होती. बरं, तिच्या वरची आणा. तीही संपली होती. तिसरी, चौथी, करत करत नवव्या नावापर्यंत तो बिचारा मान खाली घालून संपली, संपली म्हणत गेला. दहावी होती. आणि दहावीची किंमत पहिलीच्या तिपटीहून जास्त.

एव्हाना मालक हसत हसत टेबलापाशी आला होता. हिने पाचव्या नावावर बोट ठेवलं. हा द्राक्षांचा मळा बंद पडून बारा वर्षं झाली, म्हणाली, त्याची शेवटची पेटी मी माझ्या हाताने मोजून घेतली. आणि तुमच्या यादीत ह्याच मळ्याची पाच वर्षांपूर्वीची वाइन आहे.

मालक म्हणाला, छपाईची चूक असेल.

"मग तीच बाटली आणा," ही म्हणाली. "चूक कशी दिसते ते बघू."

बाटली असती तर आली असती. ती नऊही नावं नुसती दाखवायला छापलेली होती. परीक्षकांनी वाचावं, वा, गरिबाचीही सोय आहे म्हणावं, आणि खऱ्या गिऱ्हाइकाने मागितलं की संपली म्हणून त्याला दहाव्या बाटलीवर ढकलायचं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, ह्याच यादीला गेली चार वर्षं तुम्हीच नऊ-नऊ गुण दिलेत."

ते खरं होतं. मी शेजारीच तर बसलेला असायचो.

हिने नजर हलवली नाही. "दिले," म्हणाली. "तेव्हा माझं नाक शाबूत होतं. तुम्ही पेला पुढे करायचात, मी वास घेत बसायची आणि पानं नुसती उलटायची. स्वस्त बाटली वाचली, पण एकदाही मागवली नाही. माझे चारही नऊ खोडा. यंदाचे दोन लिहा, कागद चांगला आहे म्हणून."

खोडलं काही नाही. चौघांनी आठ-आठ दिले, पाटी होती तिथेच राहिली, आणि आठवड्याभरात पत्र आलं. आपण स्वतःच चार वर्षांची चूक मान्य केलीत, त्यामुळे आपली जागा रिकामी करत आहोत, आजवरच्या सेवेबद्दल आभार वगैरे. म्हणजे खरं बोलली हाच गुन्हा. मी ते पत्र फाडणार होतो. हिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि गुरुवारी दुपारी कपडे बदला म्हणाली.

त्या गुरुवारपासून आम्ही त्याच रेस्टॉरंटात त्यांच्या नाकावर टिच्चून जेवायला जायला लागलो. ही मधलं टेबल घ्यायची आणि खणखणीत आवाजात सगळ्यात स्वस्त बाटली मागायची. संपली. मग दुसरी. मग तिसरी. भांडण नाही की आरडाओरडा नाही. नऊ वेळा विचारून झालं की पाणी मागायची. तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या टेबलावरच्या एका जोडप्यानेही तीच बाटली मागून बघितली. पाचव्या गुरुवारी चार टेबलं मागत होती. मालकाने हिला दहावी बाटली फुकट देऊ केली. मला स्वस्तातली विकत हवी आहे, म्हणून हिने ती परत पाठवली.

नवव्या गुरुवारी कातडी बांधणी गेलेली होती. दोन पानी यादी, साठ नावं, प्रत्येकापुढे साल. हिने पहिली बाटली मागितली आणि ती आली. वेटरच्या चेहऱ्यावर आमच्यापेक्षा जास्त आनंद. हिने आधी लेबल तपासलं, मग सवयीने पेला उचलून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"काहीच नाही हो," म्हणाली. डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षं गोदामात आणि अकरा वर्षं कमिटीत जे हिचं होतं ते गेलं होतं. मी माझा रुमाल पुढे केला. मग हिने डोळे पुसले, पुन्हा यादी उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. आठ, म्हणाली.

गोष्ट गावभर झाली. जिथे तिथे लोक सगळ्यात स्वस्त बाटली मागून बघायला लागले आणि कमिटीची पंचाईत झाली. अध्यक्षांचा फोन आला. झालं गेलं विसरा, आपल्या खुर्चीवर या. आणि ते नाकाचं बाहेर कुणाला माहीत नाही, आपणही बोलायला नको.

ही म्हणाली, परीक्षकांची नावं छापता ना, त्यात माझ्या नावापुढे छापा की हिला वास येत नाही. छापलंत तर येते. अध्यक्ष हसले. त्यांना थट्टा वाटली.

त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांनी छापलेलं नाही आणि ही गेलेली नाही. परवा मीच म्हटलं, अगं, तुझं काम तुला परत मिळतंय, एका ओळीसाठी कशाला अडून बसतेस?

"नाक होतं तेव्हा चुकले, ते चारचौघांत सांगितलं," ही म्हणाली. "आता नाक नाही तेव्हा बरोबर ठरले, ते लपवू होय?"