त्राटिकेचा मुखवटा आणि देवरामचा पाय

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी मोबाइल माझ्यासमोर सरकवला. व्हिडिओत पोशेरा गावचा बोहाडा, म्हणजे देवीच्या उत्सवातला मुखवट्यांचा नाच, चालू होता. त्राटिकेचा जड लाकडी मुखवटा चढवून एक जण संबळाच्या ठेक्यावर नाचत होता. मुखवट्याआड आमचा फास्ट बॉलर देवराम होता. पाय दुखतो म्हणून काही आठवड्यांपूर्वी तो फायनलला बाहेर बसला आणि फायनल आम्ही हरलो. पैसे खाऊन बसला, अशी आता पेपरात बोंब होती.

"मॅडम, दुखापत आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो. आणि ती होती."

मी टीमची फिजिओ. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. देवरामचा थोडासा फाटला होता. हातानं तपासून मी सक्तीची विश्रांती सांगितली होती. साहेबांचं गणित सोपं होतं. नाचला म्हणजे पाय धड, आणि पाय धड म्हणजे तो खोटारडा.

मी जव्हारची, त्याच भागातली. बोहाड्यात कुठलं पात्र कुठल्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं असतं. देवरामचे वडील गेले आणि त्राटिकेचा मान त्याच्याकडे आला. याच मानापायी त्यानं आधी दोनदा सिलेक्शन ट्रायल सोडली होती. तेव्हा त्याला बेफिकीर म्हणाले, आता विकाऊ. कमिटीत एकानंही बोहाडा पाहिलेला नव्हता. मत मात्र प्रत्येकाला होतं.

मी देवरामला बोलावून चांगलं झापलं. विश्रांती म्हणजे काय, कळत नाही का?

तो खाली बघत म्हणाला, "मंग मुखवटा कोनाला देऊ, मॅडम? मान आमचे घरचा हाय. पाय दुखं तं तो माझा. देवीला काय सांगू?"

मला त्याचा राग आला.

मी एमआरआय करायला लावला आणि तो बघून कपाळाला हात लावला. जुनी जखम जिथं भरत आली होती, नेमका तिथंच नाचताना स्नायू पार फाटला होता. मी तो कमिटीपुढे ठेवला. जुनी दुखापत नाचण्याच्या आधीची, फायनलच्या वेळची आहे, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. आरोप मागे घेतला गेला. बोंब पहिल्या पानावर छापणाऱ्या पेपरानं ही बातमी आतल्या पानावर, टेंडरच्या जाहिरातींखाली टाकली.

त्याच आठवड्यात राज्याच्या सिलेक्टरचा फोन आला.

"तुमचा तो पोरगा सुटला म्हणे. आम्हाला हवाय. फिट आहे ना?"

तोच एमआरआय माझ्या टेबलावर होता.

"नाही," मी म्हणाले.

त्याचा वेग पुन्हा आला नाही. आता तो जव्हार-मोखाडा जीप चालवतो. वर्षातून एकदा त्राटिका नाचवतो, जरा लंगडत.

खेळाडूनं खरं बोलावं, असं कमिटीतले सगळे भाषणात सांगतात. ते पटवायला त्याला पाय मोडून दाखवावा लागतो, एवढंच सांगायचं राहून जातं.